बुडालेली राष्ट्रीय बँक आणि राज्याचा धनादेश-वसुली कायदा : अग्रहक्काच्या प्रश्नाचे एक विवेचन

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षास बँकिंग कायदा शिकविताना एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी हमखास समोर येतो. गावातील एखाद्या बँकेवर निर्बंध आले की एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, आदल्याच दिवशी वडिलांनी चेक भरला होता. तो वटला, पण पैसे मिळाले नाहीत. ते पैसे बँकेचे की आमचे?" प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र साधे नाही. वडील त्या बँकेचे ठेवीदार ठरतात की बँकेने त्यांच्यासाठी केवळ वसुलीचे काम केले असे समजावयाचे, यावर सारे अवलंबून असते. पहिल्या पक्षी ते इतर ठेवीदारांबरोबर रांगेत उभे राहतात, तर दुसऱ्या पक्षी त्यांची रक्कम रांगेच्या बाहेरची असते.

या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर ऊहापोह अमेरिकेत झाला, आणि तोही १९३० च्या दशकातील महामंदीत. तेथे या प्रश्नास आणखी एक पदर होता. धनादेशाच्या वसुलीचे नियम राज्ये करीत होती, तर राष्ट्रीय बँका संघराज्याच्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या होत्या. अशी राष्ट्रीय बँक बुडाली असता राज्याचा वसुली कायदा तिला कितपत लागू होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच नोंदवितो. हक्क कसा निर्माण झाला हे राज्याचा कायदा ठरवू शकतो; परंतु बँक बुडाल्यानंतर रांगेत कोण कोठे उभा राहील हे ठरविण्याचा अधिकार त्यास नाही. ही रेषा कागदावर स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात ती कोठे ओढावयाची यावरच सर्व खटले झाले.

वसुली करणारी बँक : अभिकर्ता की ऋणको?

मूळ व्यवहार नीट समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्ष १९३१. न्यूयॉर्कमधील एका व्यापाऱ्यास इंडियानातील ग्राहकाकडून एक हजार डॉलरचा धनादेश मिळाला. त्याने तो आपल्या बँकेत भरला. त्या बँकेने तो इंडियानातील एका राष्ट्रीय बँकेकडे वसुलीसाठी पाठविला. राष्ट्रीय बँकेने स्थानिक समाशोधन गृहात तो सादर करून रक्कम मिळविली. धनादेश काढणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेले व त्याची जबाबदारी संपली. आता राष्ट्रीय बँकेने हजार डॉलर न्यूयॉर्कला पाठवावयाचे. नोटा कोणी टपालाने पाठवीत नसे. ती शिकागोतील आपल्या खात्यावर एक ड्राफ्ट काढून टपालात टाकी. तो ड्राफ्ट पोहोचून वटण्यापूर्वीच राष्ट्रीय बँकेचे दरवाजे बंद झाले आणि शिकागोच्या बँकेने ड्राफ्ट नाकारला.

व्यापाऱ्याच्या हाती उरला तो एक निरुपयोगी कागद. मूळ धनादेश वटला असल्याने ग्राहकाकडे जाता येत नाही. बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकून डॉलरमागे चाळीस सेंट हाती आले असे धरू. व्यापारी सामान्य धनको असेल तर त्यास चारशे डॉलर मिळतील. त्याचा अग्रहक्क मान्य झाला तर पूर्ण हजार मिळतील, आणि वरचे सहाशे डॉलर त्याच गावातील ठेवीदारांच्या वाट्यातून जातील. अग्रहक्क कोणास द्यावयाचा हा प्रश्न नेहमी कोणाच्या तरी खिशातून सोडविला जातो, ही गोष्ट या विषयावरील चर्चेत फार लवकर विसरली जाते.

वसुली करणारी बँक ही अभिकर्ता म्हणजे एजंट आहे असे म्हटले तर तिने वसूल केलेला पैसा मालकाचा. पण बँका पैसे वेगळ्या पेटीत ठेवीत नाहीत. वसूल झालेली रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळते आणि बँक स्वतःच्या नावाचा ड्राफ्ट पाठविते. ही व्यापारी रूढी दोन्ही पक्षांस ठाऊक असते. म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ सालच्या कमर्शियल बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया विरुद्ध आर्मस्ट्राँग या खटल्यात असा दंडक मान्य केला की वसुली होईपर्यंत नाते एजन्सीचे असते. ती पुरी होऊन पैसा मिसळण्याची मुभा असली की नाते ऋणको-धनकोचे होते. प्रश्नातील दोन क्षणांचे हे अंतर, म्हणजे वसुली पुरी होणे आणि पैसे पोहोचणे यांमधील काळ, हाच पुढील साऱ्या वादाचा गाभा आहे.

मॅलॉय निर्णय आणि १९२९ ची संहिता

वसुली कायदे अचानक का आले, याचे उत्तर १९२४ सालच्या फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ रिचमंड विरुद्ध मॅलॉय या निर्णयात सापडते. वसुलीसाठी आलेल्या धनादेशाच्या बदल्यात तेथे रोख पैशाऐवजी देणाऱ्या बँकेचाच ड्राफ्ट स्वीकारला गेला होता, आणि तो बुडाला. एजंटाने पैशाऐवजी कागद स्वीकारला तर नुकसानीस तो जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होते. परंतु दररोज हजारो धनादेश टपालाने हाताळणाऱ्या बँकांना ते परवडणारे नव्हते. १९२० च्या दशकात शेतमालाच्या भावघसरणीमुळे ग्रामीण भागातील लहान बँका दरवर्षी शेकड्याने बंद पडत होत्या. प्रत्येक ड्राफ्टची जोखीम वसुली बँकेने घ्यावयाची म्हणजे व्यवहारच थांबवावयाचा.

यावर अमेरिकन बँकर्स असोसिएशनने बँक वसुली संहितेचा मसुदा पुढे केला. १९२९ पासून इंडियाना, न्यूयॉर्क आदी अनेक राज्यांनी ती स्वीकारली. तिच्यात एक देवघेव होती. वसुली बँकांस ड्राफ्ट स्वीकारण्याची मोकळीक मिळाली, अर्थात जोखीम धनादेशाच्या मालकावर गेली. मोबदल्यात संहितेच्या तेराव्या कलमाने मालकास असे अभय दिले की, वसुली करून रक्कम न पाठविताच बँक बुडाली, अथवा ज्या बँकेवर धनादेश काढला तिने खात्यातून रक्कम वजा केली पण पाठविली नाही, तर मालकास तिच्या मालमत्तेवर अग्रहक्क मिळेल. पैशाचा माग लागो वा न लागो, बँकेची सारी मालमत्ता जणू त्याच्यासाठी विश्वस्त निधी मानली जाईल.

संहिता बँकांच्या संघटनेने लिहिली असल्याने तिच्यावर टीका झाली, ती काही अंशी योग्यही होती. तरीही तेराव्या कलमामागील हेतू अन्याय्य म्हणता येणार नाही. दूरच्या गावातील बँक मालकाने निवडलेली नसते. वसुलीच्या साखळीत कोणती बँक येईल हेही त्यास ठाऊक नसते. ठेवीदार मात्र आपली बँक स्वतः निवडतो. राज्यांनी या फरकास कायद्यात स्थान दिले इतकेच.

समप्रमाण वाटपाचे तत्त्व

आता दुसरी बाजू. १८६४ च्या राष्ट्रीय बँक अधिनियमानुसार बुडालेल्या राष्ट्रीय बँकेवर कॉम्प्ट्रोलर ऑफ द करन्सी हा संघराज्याचा अधिकारी रिसीव्हर नेमतो. आपल्याकडील अवसायकाचे काम तो करतो. सिद्ध झालेल्या सर्व दाव्यांवर त्याने समप्रमाणात लाभांश वाटावा अशी या अधिनियमात तरतूद आहे. बँकनोटांच्या संदर्भातील तरतुदी सोडल्यास इतर धनकोंमध्ये डावे-उजवे करण्यास तेथे जागा नव्हती.

हे तत्त्व न्यायालयाने किती कठोरपणे राबविले, याची दोन उदाहरणे पुरेत. १८८३ साली कुक काउंटी नॅशनल बँकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सरकारनेच एका जुन्या कायद्याच्या आधारे आपल्या येण्यास प्रथम स्थान मागितले होते. राष्ट्रीय बँकांच्या बाबतीत समप्रमाण वाटपाची विशेष योजना असल्याने तो जुना अग्रहक्क येथे चालणार नाही, असा निकाल सरकारच्या विरुद्ध गेला. पुढे १८९६ साली डेव्हिस विरुद्ध एल्मायरा सेव्हिंग्ज बँक हा खटला आला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने बचत बँकांच्या ठेवींना बुडालेल्या बँकेच्या मालमत्तेवर पहिला हक्क दिला होता. बचत बँकांत गरिबांचा पैसा असतो, म्हणून ही तरतूद लोकहिताची होती. तरीही राष्ट्रीय बँकेच्या बाबतीत ती निष्प्रभ ठरली. संघराज्याने घालून दिलेल्या वाटपात राज्यास फेरफार करता येणार नाही, हे तेथे निःसंदिग्धपणे सांगितले गेले.

मात्र त्याच वर्षीच्या मॅक्लेलन विरुद्ध चिपमन या निर्णयात न्यायालयाने हेही म्हटले की राष्ट्रीय बँका राज्याच्या सर्वसामान्य कायद्यांपासून मुक्त नाहीत. प्रत्यक्ष विरोध असेल तेथेच राज्याचा कायदा मागे सरतो. म्हणजे राष्ट्रीय बँकेचे करार, तारण, धनादेश या साऱ्यांना एरवी राज्याचाच कायदा लागू. ही दोन सूत्रे चाळीस वर्षे शेजारी-शेजारी नांदली. तेराव्या कलमाने त्यांना समोरासमोर आणले.

जेनिंग्ज आणि मीकर : ४ फेब्रुवारी १९३५

१९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशभर बँकांना सक्तीची सुट्टी दिली. अशा परिस्थितीत हाती न वटलेले ड्राफ्ट असणाऱ्यांची संख्या किती झाली असेल याची कल्पना करता येते. जे राज्य बँकांचे ड्राफ्ट होते त्यांना तेराव्या कलमाचा आधार होता. राष्ट्रीय बँकांचे काय, हा प्रश्न जेनिंग्ज विरुद्ध युनायटेड स्टेट्स फिडेलिटी अँड गॅरंटी कंपनी या इंडियानातील आणि ओल्ड कंपनीज लीहाय विरुद्ध मीकर या न्यूयॉर्कमधील खटल्याने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिली.

कार्डोझो यांच्या विवेचनाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. राज्याचा कायदा राष्ट्रीय बँकेस लागू नाही असे म्हणून ते थांबले नाहीत. पक्षकारांमधील नाते, बँक बुडण्यापूर्वी, नेमके काय होते हे त्यांनी आधी पाहिले. वसुली झाल्यावर बँकेस पैसा आपल्या निधीत मिसळण्याची व ड्राफ्टने रक्कम पाठविण्याची मुभा रूढीने होती. स्वतः संहितेनेही ती दिली होती. तेव्हा वसुली पूर्ण होताच एजन्सी संपून ऋणको-धनको हे नाते आले. विश्वस्त म्हणावे तर वेगळा काढलेला, ओळखता येणारा निधी कोठेच नव्हता. मग तेरावे कलम काय करते? बँक चालू असेतो जो माणूस केवळ धनको होता त्यास ती बुडाल्याच्या क्षणी ते लाभार्थी बनविते. पक्षकारांच्या व्यवहारातून निर्माण न झालेला, केवळ दिवाळखोरीने जागा होणारा असा विश्वस्तसंबंध म्हणजे नावापुरता विश्वस्तसंबंध. वस्तुतः तो अग्रहक्कच. आणि अग्रहक्क देणे हे समप्रमाण वाटपाच्या थेट विरुद्ध. सबब राष्ट्रीय बँकेच्या बाबतीत ते कलम चालणार नाही.

निर्णयाचे सामर्थ्य या कसोटीत आहे. राज्याने कोणता शब्द वापरला याकडे न पाहता हक्क केव्हा जन्मतो हे पाहावयाचे. बँक बुडण्यापूर्वीच तो अस्तित्वात असेल तर रिसीव्हरला तो मानावाच लागेल. बुडाल्यानंतरच उगवत असेल तर तो रांगेतील क्रमाचा प्रश्न आहे, आणि तो संघराज्याच्या अखत्यारीतील.

निर्णयाचा व्यावहारिक परिणाम मात्र विचित्र झाला. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, राज्य बँक आणि राष्ट्रीय बँक समोरासमोर असत. एकाच दिवशी दोन्ही बुडाल्या तर एकीकडील धनादेश-मालकास पूर्ण रक्कम व दुसरीकडील मालकास अंशच मिळे. शिवाय संहितेतील देवघेव एकतर्फी झाली. ड्राफ्टची जोखीम मालकावर टाकणारी कलमे टिकली, त्या बदल्यातील संरक्षण राष्ट्रीय बँकांपुरते गेले. निकाल तर्कशुद्ध होता याबद्दल प्रस्तुत लेखकास शंका नाही. परंतु व्यापाऱ्याच्या बाजूने पाहता तो पोकळी ठेवून गेला, आणि ती भरण्याचे काम न्यायालयाचे नव्हते.

राज्याच्या कायद्यास उरलेली जागा

या निर्णयांवरून राष्ट्रीय बँक बुडताच राज्याचा कायदा दाराबाहेर राहतो असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. बँक बंद झाली तेव्हा धनादेश वसूल न होता तिच्याकडे पडून असेल तर तो मालकाचाच; रिसीव्हरने तो परत केला पाहिजे. मालकी कोणाची, धनादेश 'वसुलीसाठी' दिला होता की खात्यात जमा म्हणून विकला होता, ही बाब पृष्ठांकन व करार यांवरून ठरते. आपण पूर्णतः दिवाळखोर आहोत हे ठाऊक असताना बँकेने धनादेश स्वीकारला तर ती फसवणूक असते आणि मालक तो परत मागू शकतो, हे १८९० सालच्या सेंट लुईस अँड सॅन फ्रान्सिस्को रेल्वे विरुद्ध जॉन्स्टन या खटल्यापासून मान्य आहे. परस्पर वजावटीचेही तसेच. १८९२ च्या स्कॉट विरुद्ध आर्मस्ट्राँग या निर्णयानुसार कर्जदाराची त्याच बँकेत ठेव असेल तर ती वजा करणे म्हणजे अग्रहक्क देणे नव्हे. कारण बँकेची खरी मालमत्ता उरलेली बाकी हीच असते. या सर्व ठिकाणी हक्क आधीचा आहे. म्हणूनच तो टिकतो.

पुढील वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतर राज्यांच्या निरनिराळ्या संहितांची जागा एकरूप वाणिज्य संहितेने घेतली. तिच्या चौथ्या अनुच्छेदात बँक बुडाली असता धनादेशांचे काय होते याचे कलम आहे. १९९० च्या फेररचनेनंतर त्याचा क्रमांक ४-२१६ आहे. त्यावरील अधिकृत भाष्य वाचताना जेनिंग्ज निर्णयाची सावली जाणवते. कोणास अग्रस्थान देणे हा या कलमाचा मूळ हेतू नसून, वसुलीची प्रक्रिया कोणत्या क्षणी संपली हे निश्चित करणे हा आहे, असे भाष्यकारांनी आवर्जून म्हटले आहे. तरी कलमात अग्रहक्काची भाषा राहिलीच.

दरम्यान संघराज्याने स्वतःच पावले टाकली. जलद निधी-उपलब्धता अधिनियम १९८७ साली झाला व त्याखालील फेडरल रिझर्व्हचे 'रेग्युलेशन सीसी' १९८८ पासून अंमलात आले. वाणिज्य संहितेतील याच कलमावरून घेतलेल्या तरतुदी या नियमांत असून त्या सर्व बँकांसाठी अभिप्रेत आहेत. राज्याने दिलेला जो हक्क १९३५ साली नाकारला गेला, तशाच स्वरूपाची तरतूद संघराज्याच्या हातून आली तेव्हा मूळ आक्षेपातील निम्मा जोर गेला. आक्षेप तरतुदीस नव्हता, ती कोणी केली यास होता, हे येथे दिसून येते.

त्याहून महत्त्वाचा बदल ठेव विम्यामुळे झाला. फेडरल डिपॉझिट इन्शुरन्स कॉर्पोरेशनचे विमा संरक्षण १ जानेवारी १९३४ रोजी सुरू झाले, म्हणजे जेनिंग्ज निकालाच्या केवळ तेरा महिने आधी. विमा कायद्यातील 'ठेव' या शब्दाची व्याख्या आज पुष्कळ व्यापक आहे. बँकेने व्यवहाराच्या ओघात काढलेला व अद्याप न वटलेला ड्राफ्ट किंवा कॅशियर चेक हाही तिच्यात येतो. त्यात १९९३ सालच्या दुरुस्तीने भर पडली. रिसीव्हरच्या खर्चानंतर प्रथम ठेवी, मग सर्वसाधारण धनको, अखेरीस भागधारक असा क्रम सर्व विमित बँकांना लागू झाला. त्यांत राज्य बँकाही आल्या. आपल्या उदाहरणातील व्यापारी न वटलेला ड्राफ्ट घेऊन आज उभा राहिला तर तो ठेवीदारांच्या ओळीत बसतो व मर्यादेपर्यंत विम्याचे संरक्षणही त्यास मिळते. तेराव्या कलमास जे साधता आले नाही ते एका व्याख्येने साधले. सोबत गावातील राज्य बँक व राष्ट्रीय बँक यांतील विसंगतीही बरीचशी मिटली, कारण रांगेचा क्रम आता दोहोंसाठी संघराज्यच ठरविते.

प्रश्न संपला असे मात्र नव्हे. ओक्लाहोमातील फर्स्ट नॅशनल बँक ऑफ लिंडसे ही लहान राष्ट्रीय बँक १८ ऑक्टोबर २०२४ रोजी बंद झाली. तेथे विम्याच्या मर्यादेबाहेरील ठेवींपैकी निम्मीच रक्कम प्रारंभी ठेवीदारांना उपलब्ध करून देण्यात आली. मर्यादेपलीकडे कोण ठेवीदार आणि कोण मालक, हा जुना भेद अशा वेळी पुन्हा अर्थपूर्ण ठरतो. धनादेशाच्या प्रतिमेवरून वसुली करण्यास वाट देणारा 'चेक २१' कायदा २००४ पासून लागू झाल्यामुळे वसुली व पोहोच यांतील दिवस तासांवर आले आहेत, एवढाच फरक.

आपल्याकडील संदर्भ

भारतीय राज्यघटनेने बँकिंग हा विषय संघसूचीतील ४५ व्या नोंदीत ठेवल्यामुळे व्यापारी बँकांच्या बाबतीत हा संघर्ष आपल्याकडे उद्भवत नाही. विश्वस्त निधी की ठेव, हा मूळ प्रश्न मात्र आपल्या न्यायालयांनाही सोडवावा लागला. १९६२ सालच्या न्यू बँक ऑफ इंडिया विरुद्ध प्यारेलाल या खटल्यात विशिष्ट कामासाठी बँकेकडे सोपविलेली रक्कम ही सर्वसाधारण ठेव नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

महाराष्ट्रात हा विषय अधिक जवळचा होतो तो नागरी सहकारी बँकांमुळे. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील ३२ व्या नोंदीचा विषय. त्यांचे बँकिंग संघसूचीतील. ५ मे २०२० रोजी पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात घटनापीठाने सहकारी बँकांचा बँकिंग व्यवहार ४५ व्या नोंदीत येतो, असे स्पष्ट केले. संस्थेची स्थापना व समापन यांचे क्षेत्र मात्र राज्याकडे राहिले. म्हणजे बँक म्हणून ती केंद्राच्या कायद्याखाली, आणि बुडाल्यावर तिचा अवसायक नेमणारे निबंधक राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली. ठेव विमा महामंडळाने २०२० पासून पाच लाखांच्या मर्यादेपर्यंत दिलेली रक्कम अवसायकाने वसुलीतून महामंडळास परत करावयाची असते, ती तरतूद केंद्राच्या कायद्यातील.

वर्गातील त्या विद्यार्थ्यास प्रथम एवढेच विचारावे लागते : वडिलांचे त्या बँकेत खाते होते का, आणि वटलेली रक्कम निर्बंधांच्या आधी त्यात जमा दाखविली होती का? जमा झाली असेल तर ती ठेव आहे, पाच लाखांपर्यंत विमित आहे. धनादेश अद्याप वसुलीच्या वाटेवर असताना निर्बंध आले असतील तर बँकेने दिलेली भरणा पावती आधी जपून ठेवावयास सांगावे.